उताणं की पालथं?

बरेच दिवस हा लेख ड्राफ्टमध्ये पडून होता. दर वीकान्ताला उघडायचो, चार ओळी लिहायचो, दोन खोडायचो आणि बंद करायचो. विषय जरा अडनिडा आहे. किडनीतून मुतखडा काढताना माणसाला टेबलावर झोपवायचं कसं? उताणं, पालथं, की कुशीवर? आणि माणूस अंगाने चांगलाच भरलेला असेल तर? "हा काय लेखाचा विषय आहे का?" असं बायको म्हणालीच. पण एकदा डोक्यात शिरलेला किडा बाहेर पडल्याशिवाय आम्हा प्रोग्रामर लोकांना झोप लागत नाही, त्यामुळे वाचकहो, तुम्हालाही आता सोसावं लागणार :-)

तर झालं असं. माझे मामा लातूरचे. मार्केट यार्डात आडतीचं दुकान. तूर, सोयाबीन, हरभरा. सकाळी नऊला गादीवर बसले की दुपारी डबा तिथेच, चहा तिथेच, आणि उठायचं ते दिवेलागणीला. लहानपणी सुट्टीत गेलो की मामांच्या पाठीमागचे लोड-तक्के हा आमचा किल्ला असायचा आणि मामा हा डोंगर. तेव्हा त्यांचं वजन नव्वदच्या आसपास असेल. पुढे ते एकशे अठरावर गेलं. उंची साडेपाच फूट. बीएमआय काढला तर एक्केचाळीसच्या वर.

त्यात आला २०१६ चा उन्हाळा. लातूरकरांना तो सांगायला नको. मांजरा धरण कोरडं पडलं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली आणि १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. टीव्हीवर आम्ही ते पुण्यात बसून बघत होतो. तिकडे मामा टँकरचं पाणी पुरवायचं म्हणून दिवसाला दोन-तीन ग्लासांवर आले होते. वर चहा चालूच. डॉक्टर आधीपासून सांगत होते, पाणी जास्त प्या. पालथ्या घड्यावर पाणी! आणि त्या वर्षी तर घडाच रिकामा.

मुतखडा काही एका उन्हाळ्यात होत नाही, हे मला मान्य आहे. पण उष्ण हवा आणि कमी पाणी म्हणजे लघवी घट्ट, आणि घट्ट लघवीत क्षार खाली बसतात, हे साधं गणित आहे. दुसरं गणित वजनाचं. २००५ साली अमेरिकेत टेलर, स्टॅम्पफर आणि कर्हान यांनी एक मोठा अभ्यास छापला. त्यात शंभर किलोच्या वरच्या पुरुषांमध्ये मुतखड्याचा धोका अडुसष्ट किलोच्या खालच्यांपेक्षा ४४ टक्क्यांनी जास्त निघाला. वजन वाढलं की लघवी जास्त आम्लधर्मी होते आणि युरिक ॲसिडचे खडे व्हायला सोपं जातं, हे त्यातलं एक कारण. मामांकडे दोन्ही गणितं जुळून आली होती.

पुढच्या दिवाळीत डाव्या कुशीत दुखायला लागलं. आधी हुलग्याचं माडगं झालं, मग पानफुटीची पानं झाली, मग सोनोग्राफी झाली. डाव्या किडनीत तीन सेंटिमीटरचा खडा. दोन सेंटिमीटरच्या वरचा खडा असला की साधारणपणे पाठीतून छोटं भोक पाडून, दुर्बीण घालून, आत फोडून काढतात. त्याला पीसीएनएल म्हणतात. आपल्याकडच्या भाषेत "दुर्बिणीतून काढला".

मामांना एका मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात नेलं. नाव सांगत नाही, कारण गोष्ट त्या हॉस्पिटलची नाही. तिथे वजन केलं, पोटावर चिमटा काढून बघितला आणि एक तरुण डॉक्टर मागे उभ्या असलेल्यांकडे बघून म्हणाला, "काकांसाठी टेबल स्पेशल बनवून घ्यावं लागेल." दोघं-तिघं हसले. मामाही हसले. मग सांगण्यात आलं, इतक्या वजनाच्या माणसाला भूल देऊन पालथं घालणं धोक्याचं आहे, वीस किलो कमी करून या.

मामा घरी आले ते परत कुठे गेलेच नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "अरे, पोटात दुखूलालंय म्हणून गेलतो. त्यांनी काट्यावर हुबं केलं आन् हसले. आपला सगळा जल्म काट्यावर गेला, पर मालाला कधी हसलो नाही आपण." वीस किलो काही कमी झाले नाहीत. वर्ष गेलं.

*

२०१८ च्या जानेवारीत मामांना थंडी वाजून ताप आला. लघवीत पू. खड्याने वाट अडवून किडनी फुगली होती. लातूरच्या डॉक्टरांनी आधी नळी टाकून पू काढला, ताप उतरवला आणि पुढच्या ऑपरेशनसाठी ओळखीच्या सर्जनचं नाव सांगितलं, नांदेडचं. लातूर-नांदेड म्हणजे चाकूर, अहमदपूर, लोहा असा रस्ता. विष्णुपुरीच्या आधीपासून मामा खिडकीतून गोदावरी दिसते का बघत होते. "नदीला पाणी हाय," एवढंच बोलले.

नांदेडबद्दल पुण्यातल्या लोकांना फार कल्पना नसते. हिंगोली, परभणी, यवतमाळ आणि सीमेपलीकडच्या तेलंगणातूनही पेशंट इथे येतात. १९८८ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. राज्य सरकारने २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू केली, तीच जी २०१७ पासून महात्मा फुलेंच्या नावाने चालते, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या आठ जिल्ह्यांमध्ये नांदेड होतं. मुतखड्याची ऑपरेशनं त्या योजनेत होती. अशा गावातल्या सर्जनच्या हाताखालून किती आणि कसले कसले खडे जात असतील, याचा अंदाज करा.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ मॅडम आल्या. पन्नाशीच्या असतील. त्यांनी मामांचं तोंड उघडून बघितलं, मान मागे करायला लावली, दोन उशांवर झोपता की तीन, घोरता का, रात्री दचकून उठता का, असं सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "काका, तुम्हाला पालथं घालणार नाही. उताणंच ठेवू. घाबरू नका." आणि माझ्याकडे बघून प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला एक चित्र काढलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे. एक माणूस उताणा, डाव्या कमरेखाली उशी, एक पाय सरळ, एक पाय वर.

मग संमतीपत्रावर सही करायची होती. मामी म्हणाल्या, "तू शिकलेला हाईस, तूच कर." मामांनी स्वतःची केलीच होती, पण नातेवाईकाची एक लागते. त्या रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसून मोबाईलवर जे वाचायला सुरुवात केली ते नंतरचे कित्येक वीकान्त चालू राहिलं. प्रश्न एकच होता. पालथं घालणं जर इतकं अवघड, तर लोक मुळात पालथं का घालत होते?

*

मुतखड्याचं ऑपरेशन हे जगातल्या सगळ्यात जुन्या ऑपरेशनांपैकी एक. पण जुन्या काळी खडा काढायचे तो मूत्राशयातला, किडनीतला नव्हे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात याचं वर्णन आहे, आणि मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते हे की त्यात चाकूच्या आधी झोपवण्याचा तपशील येतो. गुडघ्याएवढ्या उंच फळीवर एक धट्टाकट्टा, न घाबरणारा माणूस बसवायचा. त्याच्या मांडीवर रोग्याचं वरचं अंग उताणं टेकवायचं. कमर उंच राहील अशी खाली कापडाची गुंडाळी. गुडघे-कोपरे दुमडून बांधायचे. म्हणजे ऑपरेशन टेबल हा एक जिवंत माणूस!

त्याच्या आधीही काही करायचं असतं. रोग्याला तेल-तूप देऊन, शोधन करून थोडंसं कृश करायचं. दोन हजार वर्षांच्या आसपासचा ग्रंथ आणि त्यात "वजन थोडं कमी करून या" आहे :-) पण तिथे ते काम वैद्याचं आहे, रोग्याला घरी पाठवून देण्याचं निमित्त नाही. आणि लगेच पुढे, रोग्याला धीर द्यायचा, असंही आहे. शिवाय हे ऑपरेशन म्हणजे न केलं तर मरण नक्की, केलं तर शंका, म्हणून आधी वरिष्ठाची परवानगी घ्यायची. संमतीपत्राचा पूर्वज म्हणा ना. सही करताना माझा हात का थरथरला ते मला ही ओळ वाचल्यावर नीट कळलं.

तिकडे रोममध्ये पहिल्या शतकात सेल्ससने जवळजवळ हेच लिहिलंय. बळकट माणूस उंच आसनावर बसतो आणि रोग्याला मांडीवर धरतो. पण तो आणखी एक गोष्ट सांगतो. रोगी अंगाने दणकट असेल तर दोन आसनं शेजारी ठेवायची, त्यावर दोन बळकट माणसं बसवायची, आसनं आणि त्यांचे आतले पाय एकमेकांना बांधून टाकायचे म्हणजे मधे फट पडणार नाही, आणि रोगी दोघांच्या मांड्यांवर. थोडक्यात, माणूस मोठा असेल तर टेबल मोठं करा. त्यात हसण्यासारखं काही आहे असं सेल्ससला वाटलेलं दिसत नाही.

किडनीपर्यंत पोचायला मात्र एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. १८६९ मध्ये हायडेलबर्गला गुस्ताव्ह सिमोनने ठरवून एक किडनी काढली आणि बाई जगली, म्हणजे माणूस एका किडनीवर जगतो हे सिद्ध झालं. १८८० मध्ये लंडनच्या हेन्री मॉरिसने बाकी धड असलेल्या किडनीतून फक्त खडा काढला. मग पुढची शंभर वर्षं रीत ठरून गेली. रोग्याला कुशीवर झोपवायचं, दुखरी बाजू वर. टेबल मधोमध मोडायचं, म्हणजे बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यातली जागा ताणली जाते. आणि बाराव्या बरगडीखालून मोठा छेद. तुमच्या आजोबांच्या पिढीत कुणाचं "किडनीचं ऑपरेशन" झालं असेल तर त्यांच्या कुशीवरचा तो वीतभर व्रण आठवून बघा.

म्हणजे आधी उताणं, मग कुशीवर. पालथं कुठून आलं?

ते आलं सुईबरोबर. किडनी पोटाच्या मागच्या बाजूला, पाठीच्या स्नायूंना चिकटून असते. सुई घालायची तर पाठीतून जवळ. १९५१ मध्ये डेन्मार्कच्या इव्हर्सन आणि ब्रून यांनी किडनीचा तुकडा सुईने काढायची पद्धत छापली, रोग्याला बसवून. १९५४ मध्ये शिकागोच्या कार्क आणि म्यूर्की यांनी त्याला पालथं झोपवलं आणि तुकडा मिळण्याचं प्रमाण खूप वाढलं. १९५५ मध्ये विलार्ड गुडविनने फुगलेल्या किडनीत पाठीतूनच सुई घालून लघवी बाहेर काढली. आणि १९७६ मध्ये स्टॉकहोमच्या फर्नस्ट्रोम आणि योहान्सन यांनी त्याच वाटेने, वाट हळूहळू रुंद करत, तीन रोग्यांचे खडे काढले. पीसीएनएल जन्माला आलं ते असं पालथं.

सुई घालायला पालथं झोपवणं एकदम बरोबर होतं. काही मिनिटांचं काम, माणूस जागा, झाल्यावर आपला आपण वळतो. पण पुढे त्याच वाटेने दोन-दोन तास पूर्ण भूल देऊन ऑपरेशन होऊ लागलं, तरी झोपवायची रीत तीच राहिली. आमच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात. कुणीतरी, कुठल्या तरी वेगळ्या कामासाठी एक डीफॉल्ट व्हॅल्यू टाकलेली असते. ती चालते. मग तिला कुणी हात लावत नाही, आणि दहा वर्षांनी नवीन पोरगा विचारतो की हे असंच का, तर उत्तर मिळतं, "पहिल्यापासून असंच आहे."

*

आता शंभर-सव्वाशे किलोच्या माणसाला पालथं घालणं म्हणजे काय ते बघा. भूल उताणं असतानाच देतात, घशात नळी घालतात, आणि मग पाच-सहा जण मिळून माणूस उचलून उलटा करतात. बेशुद्ध माणूस हात-पाय आवरत नाही. नळी निसटू शकते. खांद्याच्या, कोपराच्या नसा दबू शकतात, डोळ्यांवर दाब येऊ शकतो. पोट दबलं तर छातीचा पडदा वर ढकलला जातो, मोठी नीला दबते, हृदयाकडे रक्त कमी येतं. आणि मधेच काही बिघडलं तर तोंड खाली, पाठीत दुर्बीण, अशा माणसाला परत उताणं करायचं, तेही पळत्या घड्याळावर.

पण इथे एक गंमत आहे, आणि प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पालथं झोपणं हेच वाईट, असं मुळीच नाही. कोविडच्या २०२०-२१ च्या काळात ऑक्सिजन कमी झाला की पालथं झोपा, हे आपण सगळे शिकलोच. त्याच्या कितीतरी आधी, १९९६ मध्ये, इटलीतल्या पेलोसी आणि सहकाऱ्यांनी लठ्ठ माणसांना भूल देऊन पालथं घातलं आणि मोजलं, तर फुप्फुसांचं काम उलट सुधारलं. अट एकच. छातीखाली आणि कमरेखाली लोड हवेत आणि पोट मधे मोकळं लोंबतं हवं. मामांच्या गादीवरचे लोड-तक्के तिथे असे कामाला येतात. म्हणजे धोका पालथेपणात कमी आणि दबलेल्या पोटात, उलटापालट करण्यात, तोंडाशी पोचता न येण्यात जास्त आहे.

मग पर्याय काय? स्पेनमधल्या झारागोझाचे खोसे गाब्रिएल वाल्दिव्हिया उरिया यांनी १९८७ मध्येच लिहिलं होतं की उताणं ठेवूनही हे करता येतं. कुशीखाली तीन लिटरची सलाईनची पिशवी ठेवायची, म्हणजे बाजू थोडी उचलली जाते आणि बगलेच्या रेषेच्या मागून सुई घालायची. लोकांची भीती होती की मोठं आतडं मधे येईल. पण आडव्या छेदाच्या स्कॅनमध्ये उलटंच दिसलं. १९८७ च्याच एका अभ्यासात किडनीच्या मागे आतडं आलेलं उताण्या माणसांत दोन टक्क्यांच्या आसपास, पालथ्यांत दहा टक्के. पालथं झालं की पोट दबतं आणि आतडं मागे सरकतं. ज्या भीतीने सगळे पालथं घालत होते, ती भीती पालथ्यालाच जास्त लागू होती!

तरी जगाने दहा वर्षं फारसं लक्ष दिलं नाही. वाल्दिव्हियांनी आधी लिहिलं ते स्पॅनिशमध्ये. १९९८ मध्ये ५५७ रोग्यांचा अनुभव इंग्रजीत छापल्यावर चर्चा सुरू झाली. (मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्याने यातून काय घ्यायचं ते घ्यावं, असो.) २००७ मध्ये बास्क प्रांतातल्या गाल्दाकाओच्या इबार्लुझेआंनी त्यात एक पाय सरळ, एक दुमडून वर, अशी सुधारणा केली, म्हणजे एक सर्जन पाठीकडून आणि दुसरा खालून, लघवीच्या वाटेने, एकाच वेळी काम करू शकतो. मॅडमनी प्रिस्क्रिप्शनवर काढलेलं चित्र हेच होतं. बास्कमधल्या एका गावाची युक्ती नांदेडच्या कागदावर.

कुशीवरची जुनी रीतही परत आली. १९९४ मध्ये अमेरिकेत कर्ब्ल आणि क्लेमन यांच्या गटाने खूप लठ्ठ रोग्यांना कुशीवर ठेवून दुर्बिणीने खडे काढले. कुशीवर पोट आपोआप पुढे पडतं, छातीवर भार येत नाही.

उताणं म्हणजे रामबाण असं मात्र समजू नका. सुईला जागा कमी मिळते, किडनी ढकलली की पुढे सरकते, वरच्या कप्प्यात पोचणं अवघड होतं. लठ्ठ माणसात चामडी ते खडा हे अंतर इतकं असू शकतं की नेहमीची नळी पुरतच नाही, लांब मागवावी लागते, नाहीतर ती चामडीखाली बुडते. म्हणून काही जण तिच्या बाहेरच्या टोकाला टाका घालून ठेवतात. विदा काय म्हणतो? जगभरातल्या ९६ केंद्रांमधल्या ५,८०३ रोग्यांची मोठी पाहणी २०११ मध्ये आली. त्यात पाचातले चार पालथेच होते. पूर्ण खडा निघण्याचं प्रमाण पालथ्यांत ७७ टक्के आणि उताण्यांत ७० टक्के. उलट काही तुलनात्मक अभ्यासांत उताण्यात वेळ वाचला आणि खडे सारखेच निघाले. थोडक्यात, सर्जनचा हात कशाला सरावलाय आणि समोरचा माणूस कसा आहे, यावर सगळं आहे. आणि खडा लहान असेल तर पाठीत भोक न पाडता खालून लवचिक दुर्बीण आणि लेझर, हाही रस्ता आहे. तिथे पोटाच्या जाडीने फारसं बिघडत नाही. बाहेरून लहरी मारून खडा फोडायचं यंत्र १९८० मध्ये म्युनिकला पहिल्यांदा वापरलं गेलं, पण त्यालाही पोटाच्या जाडीची मर्यादा आहेच. लहर खड्यापर्यंत पोचायला हवी ना.

*

परत नांदेड.

सकाळी मामांना आत नेताना मी दारापर्यंत गेलो. टेबलाला दोन्ही बाजूंनी जादा पट्ट्या जोडल्या होत्या. मामा स्वतः चढले, स्वतः सरकले. मॅडमनी त्यांच्या डोक्याखाली, खांद्याखाली एकावर एक चादरी घालून उतार केला. वॉर्डबॉयने पोट उजवीकडे ओढून रुंद चिकटपट्टीने धरून ठेवलं, पण आधी विचारून, "काका, थोडं ओढतो हां." कुणी हसलं नाही. मामांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तू अजून हितंच? काय करूलालास? जा, चहा पी." मग दार बंद झालं.

सेल्ससची दोन आसनं मला तेव्हा माहीत नव्हती. आता त्या जादा पट्ट्या आठवल्या की तीच आठवतात.

दोन तास दहा मिनिटं. मी घड्याळाकडे बघत होतो त्यामुळे नक्की सांगतो. सर्जन बाहेर आले, हातात छोट्या बाटलीत पिवळसर तुकडे. "निघाला. एक छोटा राहिलाय, तो पडेल." मामी त्या बाटलीकडे बघून रडल्या. मी संमतीपत्रावरची सही आठवत होतो.

सगळं छान झालं असं लिहून लेख संपवायला मला आवडलं असतं. पण तीन महिन्यांनी केलेल्या तपासणीत डावी किडनी निम्म्यापेक्षा कमी काम करत होती. उजवी ठणठणीत आहे म्हणून चाललंय. मी सर्जनना फोनवर विचारलं, वर्षभर आधी आलो असतो तर? ते जरा थांबले आणि म्हणाले, "लवकर आला असता तर बरं झालं असतं." डॉक्टर लोक यापेक्षा जास्त बोलत नाहीत.

मला राग आला होता तो त्या तरुण डॉक्टरच्या सल्ल्याचा नव्हे. वजन कमी करून या, हा सल्ला चुकीचा नव्हता. पालथं घालणं धोक्याचं, हेही खोटं नव्हतं. पण "आम्ही पालथंच करतो, उताणं करणारे अमुक ठिकाणी आहेत, तिकडे जा," एवढं एक वाक्य पुरलं असतं. त्याऐवजी मामांना वाटलं की बिघाड आपल्या शरीरात आहे. प्रत्यक्षात तो एका सवयीत होता.

म्हणून वाचकहो, विशेषतः माझ्यासारखे दिवसाला दहा तास खुर्चीत बसणारे, घरातल्या कुणाचं असं ऑपरेशन ठरलं तर दोन प्रश्न बिनधास्त विचारा. एक, झोपवणार कसं? दोन, त्या पद्धतीने तुम्ही नेहमी करता का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. आमच्या मॅडमनी तर चित्र काढून दाखवलं.

मामा आता एकशे चार किलो आहेत. गादीवर शेजारी दोन लिटरची बाटली असते आणि हमाल मंडळी ती भरून ठेवतात. मागच्या महिन्यात गेलो होतो तेव्हा हा लेख लिहितोय असं सांगितलं. मामा तक्क्याला टेकून हसले, म्हणाले, "लिही. पर वजन लिहू नको." मी म्हटलं, मामा, वजनाशिवाय लेख उभाच राहत नाही. थोडा वेळ विचार केला, काट्यावरच्या पोत्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं, लिही मग. पण बरोबर लिही. मापात पाप नको."

एकशे अठरा. बरोबर लिहिलंय, मामा.